‘पूर्ण समाधानी’च्या चौकोनात

दादानं घरचं जेवण सोडलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि मी नववीत होते. तो फक्त उकडलेली अंडी आणि केळी खायचा, दोन्ही स्वतःच्या हातानं सोलून. जे सोलल्याशिवाय उघडत नाही त्यात कुणाला काही कालवता येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. हिंगोलीला महिन्यातून दोनदा येणाऱ्या मेंदूच्या डॉक्टरांनी हे ऐकून केसपेपरवर एक इंग्रजी शब्द लिहिला आणि आमच्या वडिलांना, अण्णांना, त्याचा अर्थ सांगितला : संशय. खरं तर दादाचा संशय बरोबर होता. माय रोज खलबत्त्यात डॉक्टरांचीच गोळी कुटून त्याच्या वरणात घालत होती, आणि घरात त्याच्याशिवाय सगळ्यांना हे माहीत होतं. “जीभ बधिर व्हती,” असं तो म्हणायचा. आम्ही तेही आजाराचंच लक्षण समजायचो. एकदा कुणी नसताना मी ते वरण चाटून बघितलं. थोड्या वेळानं माझ्याही जिभेचं टोक बधिर झालं. मी ते कुणालाही सांगितलं नाही.

आमचं गाव जवळा बाजारपासून पायी अर्ध्या तासावर. बाजारतळाला लागून दादाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर पत्रे, खाली पंप आणि पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं. पण चाकाचा आऊट काढायला औंढ्याकडूनसुद्धा लोक त्याच्याकडे यायचे. सायकल उलटी ठेवायची, वाकडं चाक फिरवायचं, रिम कुठं घासते ते बोटाच्या टोकानं ओळखायचं आणि एकेक स्पोक पाव फेरा घट्ट, पाव फेरा सैल करत चाक सरळ आणायचं. या कामाला नजर लागत नाही, बोट लागतं, असं तो सांगायचा. मग एका उन्हाळ्यात त्याला बाजारातली माणसं आपल्याबद्दलच बोलताना ऐकू यायला लागली. ज्या दिवशी बाजार नसायचा त्या दिवशीही ऐकू यायची. तो दुपारीच दुकान बंद करून घरी येऊन बसायला लागला.

नातेवाइकांनी देवऋषी सुचवला. अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. अण्णा ग्रामपंचायतीत शिपाई होते, पण त्यांचं खरं काम पत्रकं वाटणं. आमच्या घरात पुस्तकं फार उशिरा आली, आधी पत्रकं आली. गायरानाची, वसतिगृहाची, पाणवठ्याची, मुलींच्या शाळेची. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. त्यामुळे मला अजूनही वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह द्यावंसं वाटतं. पत्रक वाटणाऱ्यानं तोंड लपवायचं नाही, हा अण्णांचा दंडक. अशा घरात रोज दोन वेळा एका माणसाच्या ताटात चोरून काहीतरी घातलं जात होतं, आणि अण्णा त्या वेळी अंगणात जाऊन उभे राहायचे.

सुई सुचवली डॉक्टरांनीच. “गोळ्यांचा हा तमाशा किती दिवस चालणार? महिन्यातून एक इंजेक्शन. औषध तिळाच्या तेलात असतं. ते मांसात राहतं आणि हळूहळू रक्तात उतरतं. रोजची कटकट नाही.”

“तिळाचं त्याल हाय म्हन्ल्यावर बाधायचं न्हाई,” माय म्हणाली.

पहिली सुई दादाला दोघांनी धरून दिली. त्याबद्दल मला आज लाज वाटते, पण तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. तीन-चार महिन्यांत आवाज मागे सरले. मायनं खलबत्ता धुऊन वर ठेवला आणि एके दिवशी दादानं तिच्या हातची भाकरी मागून घेतली. पुढं तो स्वतःहून सुई घ्यायला यायला लागला. दुकान उघडलं. हिंगोलीला जाणारी बस, डॉक्टरांच्या दारातला बाक, कमरेखाली टोचलेली जाड सुई, परतीची बस, असं तीन वर्षं चाललं. हिंगोली जिल्हा तोवर नवा होऊन जुनाही व्हायला लागला होता आणि मी तिथल्या कॉलेजात शिकत होते.

दादाचे हात चालताना हलायचे नाहीत, हे मला दिसत होतं. चहाची बशी त्याच्या हातात थरथरायची. बोलताना तोंडाच्या कडेला लाळ यायची आणि तो बाहीनं पुसायचा. आऊट काढायची चाकं दुसऱ्या दुकानात जाऊ लागली. त्याच्याकडे फक्त पंक्चर आणि हवा राहिली. पण तो घरी जेवत होता. कुणाला शिव्या देत नव्हता. गप्प होता. आम्हाला त्या गप्प असण्याचा एवढा आनंद होता की त्याखाली काय आहे हे कुणी उचकून बघितलं नाही.

मग तो फॉर्म आला. डॉक्टर त्या दिवशी खुशीत होते. “सुई घेणाऱ्या पेशंटना काय वाटतं आणि देणाऱ्या डॉक्टरांना काय वाटतं, अशी दोन्हीकडची माहिती गोळा होतेय,” ते म्हणाले. “माझ्या भागात मी लिहिलंय, पूर्ण समाधानी. ह्याच्यासारखे चार पेशंट असले की बरं वाटतं. पेशंटचा भाग तू भर, तू शिकलेली आहेस.”

पाच चौकोन होते. ‘अजिबात नाही’पासून ‘पूर्ण समाधानी’पर्यंत. दादा माझ्या डाव्या हाताला खुर्चीवर बसलेला होता. आमच्या दोघांत वीतभर अंतर असेल. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटच्या चौकोनात खूण केली आणि कागद परत दिला.

एवढ्यावर थांबले असते तर कदाचित काही झालं नसतं. पण मी अण्णांची लेक. मला वाटलं, ही बातमी लोकांपर्यंत गेली पाहिजे. गावोगाव वेड लागलेल्या माणसांना साखळीनं बांधतात, धुरी देतात, झाडाला बांधून मारतात. त्याच्याविरुद्ध कुणीतरी बोललं पाहिजे. मी पत्रक लिहिलं. मथळा होता : ‘वेड नव्हे, आजार! देवऋषी नव्हे, दवाखाना!’ खाली तेलातल्या औषधाची माहिती, आणि त्याखाली ही ओळ : ‘जवळा बाजार येथे सायकल दुकान चालविणारा एक तरुण महिन्याला फक्त एक सुई घेतो आणि आज पूर्ण समाधानी आहे!’ नाव टाकलं नाही म्हणजे आपण काळजी घेतली, असं मला वाटत होतं. वसमतला छापून आणलं आणि बाजाराच्या दिवशी कापडाच्या ओळीपासून मिरचीच्या ढिगांपर्यंत मी स्वतः वाटलं. तोंड लपवलं नाही. दादाच्या दुकानाकडच्या टोकाला मात्र गेले नाही. का गेले नाही, हे मी स्वतःला तेव्हा विचारलं नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला दादा घरी आला. बाजाराच्या दिवशी, भर धंद्याच्या वेळी, दुकान बंद करून. माय दारातच उठून उभी राहिली. आधीची सुरुवात अशीच झाली होती.

त्यानं खिशातून पत्रक काढलं. चार घड्या घातलेलं.

“हे कोनाबद्दल लिवलंय?”

“नाव नाही टाकलं, दादा.”

“जवळा बाजारात सायकलचं दुकान आन महिन्याला सुई. असे किती जन हायेत? सांग की. तू तर कॉलेजात शिकून राहिली.”

मी पत्रक घ्यायला हात पुढं केला. त्यानं दिलं नाही.

“चहावाला काय म्हन्ला म्हाइत हाय? म्हने, याला बी महिन्याला तेलपानी करा लागते, सायकलवानी. पन्नास लोकं हासले. हे आवाज खरे व्हते बरं का, बाई. हे माह्या डोस्क्यातले नव्हते.”

“त्यांचं काय ऐकतोस? अडाणी लोक…”

“त्यायचं सोड. ह्ये वाच.” त्यानं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. बोट थरथरत होतं. “पूर्न समाधानी. म्या कवा म्हन्लो?”

“डॉक्टरांच्या फॉर्मवर…”

“फारम तू भरला. म्या बाजूला बसलो व्हतो. काहून न्हाई इचारलं? माह्या तोंडाला कुलूप व्हतं?”

अण्णा संध्याकाळी आले. त्यांनी पत्रक उभ्यानं वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. मला वाटलं, ते माझी बाजू घेतील. ते म्हणाले, “मजकूर बराबर हाय. एक ओळ खोटी हाय.” आणि पत्रक माझ्या हातात दिलं. दादा आतून म्हणाला, “पुढची सुई न्हाई. कोनी धरू बी नगा. धरलं तं म्या घर सोडीन.”

त्या महिन्याची तारीख आली आणि गेली. कुणी बसस्टँडवर गेलं नाही.

माणूस भिंतीकडे बघत असेल तर तो भिंतीकडे बघत असतो. पण आमच्या घरात पुढचे काही आठवडे तसं राहिलं नाही. दादा लवकर उठला की माय माझ्याकडे बघायची. उशिरा उठला तरी बघायची. तो हसला तर का हसला, आणि गप्प बसला तर काय ऐकतोय. तो रेडिओ बंद करायचा तेव्हा मी हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघायची, कारण आजाराच्या पहिल्या वर्षी रेडिओ त्याच्याशी बोलायचा. डॉक्टरांनी मागे सांगितलं होतं की सुई थांबवली तरी परिणाम लगेच जात नाही, हळूहळू उतरतो. म्हणजे धोका नेमका कोणत्या दिवशी घरात शिरेल हे कळायची सोय नव्हती. कॉलेजात तासाला बसल्या बसल्या मी दुपारची बस कितीला आहे ते मनात बघायची.

एकदा सकाळी दादा चुलीपाशी बसून अंडं सोलत होता. मायच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. ते त्याला पाठीमागूनही कळलं.

“माय, अंडं खाऊन राहिलो. येडा होऊन न्हाई राहिलो.”

माय हसली. मग पदर तोंडाला लावून रडली.

आणि याच दिवसांत त्याचे हात मोकळे झाले. सहाव्या की सातव्या आठवड्यात मी दुकानासमोरून जात होते. एक उलटी सायकल होती आणि दादा चाक फिरवत होता. डोळे बाजाराकडे, बोट रिमवर. त्यानं मला थांबवलं. “बोट ठेव इथं. लागलं का? न्हाई लागलं ना? तीन वर्सं मला बी न्हाई लागलं. बोटावर कोनी जाड कापड गुंडाळल्यावानी.” तो हसत होता. चालताना त्याचा हात पुन्हा हलत होता. मी त्याला इतकं आनंदी फार दिवसांनी बघितलं आणि त्याच क्षणी मला भीती वाटली की हा आनंद म्हणजेच सुरुवात तर नसेल. ही शंका किती घाण आहे, हे मला तिथंच कळलं. तरी ती गेली नाही.

नंतरच्या आठवड्यात तो रात्री झोपेनासा झाला. सकाळी डोळे लाल. एकदा विचारलं, “कोनी हाक मारली का मला?” कुणीच मारली नव्हती. शेजारच्या गल्लीत खरंच कुणीतरी कुणाला तरी हाक मारली असेल, असं मी मायला म्हणाले. मायनं ऐकून घेतलं, माळ्यावरून खलबत्ता काढला आणि जुन्या डब्यातल्या गोळ्या शोधल्या. तिच्या हातांना तेव्हा कुटायची ताकद नव्हती. ती मला म्हणाली, “बाई, तू कूट. तुह्या पत्रकानं झालं, आता तूच निस्तर.”

मी कुटली. हे मी लपवणार नाही. आयुष्यभर फसवणुकीविरुद्ध लिहायचं ठरवलेल्या मुलीनं बसून गोळीचं पीठ केलं आणि वरणात कालवलं, कारण मला माझा भाऊ परत त्या उन्हाळ्यात गेलेला बघायचा नव्हता. ताट मीच नेलं. त्यानं भाकरी मोडली. घास वरणात बुडवला. तेव्हा मी म्हणाले, “दादा, त्यात गोळी आहे.”

त्यानं घास तसाच ताटात ठेवला. माय आतून “अगं माय!” म्हणाली. मला वाटलं, आता ताट भिंतीवर जाईल. त्यानं ताट थोडं बाजूला सारलं.

“आधी बी व्हती का? तवा?”

“होती. रोज.”

“म्हंजे म्या बराबर व्हतो.”

“हो.”

त्यानं कोरडी भाकरी कांद्यासोबत खाल्ली. पाणी प्यायला. मग म्हणाला, “हाक ऐकू आली ती खरी नव्हती. मला म्हाइत हाय. उद्या डाक्टरकडं जाऊ. तू ये, पन तोंड उघडायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टर यायचा वार होता, हे आमचं नशीब. बसमध्ये तो खिडकीशी बसला. औंढ्याच्या स्टँडवर भाविकांची गर्दी चढली, तेव्हा त्यानं कान हातांनी झाकले आणि मी कंडक्टरला विचारलं नाही की अजून किती वेळ. मी काहीच केलं नाही. तेवढंच मला सांगितलं होतं. पण हिंगोली येईपर्यंत माझी ओढणी घामानं भिजली होती.

डॉक्टरांनी केसपेपर बघितला आणि मला विचारलं, “का गं, दोन महिने गायब? काय म्हणतोय हा?”

मी दादाकडे बघितलं. डॉक्टरांनी पुन्हा मला विचारलं. मी पुन्हा दादाकडे बघितलं. मग त्यांनी खुर्ची थोडी वळवली.

दादा सांगायला लागला. अडखळत, पण सगळं. बोटाचं सांगितलं. लाळेचं सांगितलं. सुईनंतर आठवडाभर पाय एका जागी ठरत नाहीत आणि दुकानात गिऱ्हाइकासमोर सारखं उठबस करावी लागते, हे सांगितलं. हे मला तीन वर्षांत माहीत नव्हतं. दोन वेळा हाक ऐकू आली, तेही त्यानंच सांगितलं. आणि शेवटी म्हणाला, “सायब, सुई वाईट न्हाई. सुईनं मला घरचं अन्न मिळालं. पन पूर्न समाधानी म्या न्हाई. तो फारम इनं भरला.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “हात पुढे करा बरं,” ते म्हणाले. त्यांनी मनगट धरून कोपर वाकवून बघितलं, दादाला दारापर्यंत चालायला लावलं. “हे मी दर महिन्याला बघायला पाहिजे होतं,” ते म्हणाले. “खरं सांगू का? गोळी घेतली की नाही हे मला कधी कळत नाही. सुई दिली की कळतं. मग तुमच्यापुरती माझी काळजी महिनाभर मिटते. म्हणून मी समाधानी.”

“म्हंजे सायब,” दादा म्हणाला, “काळजी तुमची आन सुई माह्या कुल्ल्यात.”

डॉक्टर एवढ्या मोठ्यानं हसले की बाहेरच्या बाकावरचा माणूस दारातून डोकावला. मग त्यांनी समजावून सांगितलं. औषध कमी करता येतं. थरथर आणि पायांची तगमग कमी करायला वेगळी गोळी आहे. पण कमी औषधावर आवाज थोपतील की नाही हे आधी सांगता येणार नाही, लक्ष ठेवावं लागेल आणि वाढले तर पुन्हा वाढवावं लागेल. मी तोंड उघडणार होते. ‘कमी नको’ असं म्हणणार होते. शप्पथ, ओठापर्यंत आलं होतं. दादानं माझ्याकडे न बघता हाताचा पंजा दाखवला.

“कमी करा,” तो डॉक्टरांना म्हणाला. “आन दर बारीला मला इचारा. हिला नगं.”

कमी मात्रेची सुई त्यानं घेतली. कुणी धरलं नाही. नवा फॉर्म नव्हता, म्हणून डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे पाच चौकोन काढून दिले. दादानं मधल्या चौकोनात खूण केली आणि ती मला दिसू नये म्हणून नव्हे, पण मला न दाखवता, कागद परत दिला. मला ती उलटीकडून दिसली.

त्यानंतरच्या महिन्यात आमच्या घरातली भीती गेली, असं मी लिहू शकत नाही. ती आहेच. कमी औषध पुरेल का, याचं उत्तर रोज सकाळी नव्यानं द्यावं लागत होतं. माय पहाटे उठून माझ्या अंथरुणाशी यायची आणि पुटपुटायची, “कसा हाय गं? झोपला व्हता का?” मी तिला सांगायची, मला नको विचारू, त्याला विचार. तिला ते जमायचं नाही. माझ्याशी बोलणं सोपं, पण ज्याच्याबद्दल भीती आहे त्याच्याशी बोलायला तिच्याकडे शब्दच नव्हते. तीन-चार दिवस ती तशीच परत गेली.

एका सकाळी मी अंथरुणातून ऐकलं. ती त्याच्या बाजेशी उभी होती.

“आरं,” तिनं विचारलं, “रातच्याला काही आवाज… आलता का?”

“न्हाई आला,” दादा म्हणाला.

“मग डोळे काहून लाल हायेत?”

“डास व्हते, माय. लई डास व्हते.”

माय पेटीतून मच्छरदाणी काढायला आत गेली.